पूजेला बसलेला जॅक

पूजेला बसलेलं हत्यार दसरा उजाडेपर्यंत उठवायचं न्हाई, हा आमच्या घरचा कायदा. कुठं लिहिलेला न्हाई, पण लिहिलेल्यापेक्षा पक्का. माझ्या बापाजवळ मेंढरं होती. खंडेनवमीला तो लोकर कातरायची कातर, कुऱ्हाड, विळे, सगळं घोंगडीवर मांडायचा आणि हळद-कुंकू लावायचा. एका खंडेनवमीला आमची एक मेंढी बोरीच्या जाळीत गुंतली. लोकर काट्यात अशी अडकली की हलता येईना. कातर चार पावलांवर पडलेली. बापानं कातरीकडं बघितलं पण न्हाई. हातानं एकेक काटा सोडवत बसला. मेंढी ओरडत होती, बाप तिच्या आईचा उद्धार करत होता, आणि कातर जागेवर होती. मी त्याचाच पोरगा.

आता मेंढरं न्हाईत. घनसावंगीकडं शेत आहे, ऊस आहे, कापूस आहे, आणि एक ट्रॅक्टर, एक डंपिंग ट्रॉली. मी दुसरीपर्यंत शिकलो. तिसरीचं तोंड बघितलं न्हाई, कारण तेव्हा कळप गंगेकडं, म्हणजे गोदावरीकडं, उतरवायचा होता. पण ट्रॅक्टरची लिफ्ट कशी चालते हे मला कुणी सांगायची गरज पडली न्हाई. ते मी पिचकाऱ्यांवर शिकलो.

मेंढरांना सुई टोचायच्या दोन पिचकाऱ्या घरात पडून होत्या. एक बोटाएवढी, एक मनगटाएवढी. ट्रॅक्टर नवीन आला तेव्हा माझा पोरगा म्हणाला, "आबा, एवढुशा तेलानं एवढा माल कसा उचलतो ओ हा?" मी दोन्ही पिचकाऱ्यांच्या सुया काढल्या, सलाईनच्या नळीनं तोंडाला तोंड जोडलं, मधी पाणी भरलं. मोठी पोरग्याच्या हातात दिली. म्हणलं, "दाबून धर, सगळा जोर लाव." आणि मी बारकी एका अंगठ्यानं दाबली. तो पैलवान गडी, दंडाच्या शिरा फुगल्या, तरी मोठीचा दांडा त्याच्या हाताला ढकलत बाहेर यायला लागला. बायको दारात तांदूळ निवडून राह्यली होती, ती खदखदून हसली. पोरगा म्हणाला, "ह्यात कायतरी चलाखी हाय."

चलाखी न्हाई. वाड्यात मेंढरं गच्च कोंडली आणि दारातल्या एका मेंढीला रेटा दिला, तर तो रेटा तिच्यापाशी थांबत न्हाई. तिच्याकडून दुसरीला, दुसरीकडून तिसरीला, असा कुंपणाला चहूकडं लागतो. जिथं कुंपण हातभर आहे तिथं हातभर रेटा, जिथं दहा हात आहे तिथं दहा हातांचा. पाण्याचं, तेलाचं बराबर तसंच. कोंडलेलं तेल दबत न्हाई. बारक्या तोंडावर दिलेला रेटा मोठ्या दट्ट्याच्या सगळ्या अंगावर लागतो, म्हणून मोठा दट्ट्या दसपट जोरानं उठतो. मात्र जोर फुकट मिळत न्हाई. बारकी पिचकारी पार तळाला गेली तेव्हा मोठी नखभर सरकली होती. जोर घेतला की अंतर द्यावं लागतं. एवढं मला कळलेलं होतं, आणि कळलेलं होतं म्हणूनच मी त्या दिवशी ट्रॉलीखाली गेलो. अडाणी असतो तर भ्यालो असतो.

त्या खंडेनवमीला पोरगा, सून आणि नातवंडं झेंडू आणि कपडे आणायला जीपनं अंबडला गेल्ते. वस्तीवर मी आणि बायको, आम्ही दोघंच. सकाळीच मी सगळी हत्यारं तिच्या हवाली केली. विळे, खुरपी, नट आवळायचे पाने, हातानं चालवायचा बाटली जॅक, आणि ट्रॉलीचा टेकू. टेकू म्हणजे बाभळीचं जाड लाकूड. हौदा, म्हणजे ट्रॉलीची माल भरायची पेटी, लिफ्टनं वर उचलली की तिच्याखाली हा टेकू उभा करायचा आणि मंगच माणसानं खाली शिरायचं. पोरग्याला मी हे रोज सांगतो. बायकोनं सगळं धुतलं, घटापुढं पाटावर मांडलं, हळद-कुंकू वाहिलं. जॅकच्या डोक्यावर सुद्धा झेंडूचं फूल ठेवलं.

"ती पहार पण द्या," ती म्हणाली.

"ट्रॉलीखालचा चिखल काढतो, मंग देतो."

शेणखताचा आणि काळ्या मातीचा थर चासीला, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याला, बसलेला होता. वाळून दगड झालेला. मी ट्रॅक्टर चालू केला, हौदा उचलला, ट्रॅक्टर बंद केला. बोअरची मोटर लावून पाइप खाली सोडला. बायको पदराला हात पुसत बाहेर आली.

"टेकू?"

"पूजेला बसला ना तो."

"मंग चिखल उद्या काढा."

"उद्या दसरा. दसऱ्याला चिखलाची गाडी उभी करू का दारात?"

"तर मंग खाली घुसू नका. बाहेरून मारा पाणी."

"तेल दबत न्हाई, कळलं का? पिचकारी बघितली होती न्हवं? कोंडलेलं तेल म्हणजे खांब. तुझ्या घराच्या खांबापेक्षा मजबूत."

"माझं घर अजून कुणावर पडलं न्हाई," ती म्हणाली आणि आत गेली.

तेल दबत न्हाई हे मी आजही सांगीन. पण तेल पळतं. खांब पळत न्हाई.

मी खाली शिरलो. दोन चाकांच्या मधी जो आडवा आख असतो त्याच्यावर बसलो, डावा पाय उचलून चासीच्या लोखंडी पट्टीवर टाकला, म्हणजे बसायला आधार. पहारीनं चिखलाची ढेकळं पाडली. आमची पहार लहान आहे, कमरेएवढी. काम झालं की मी ती आडवी टाकत न्हाई, जमिनीत रोवून उभी करतो. मेंढक्याची काठी कधी आडवी पडलेली बघितली का कुणी? तशीच ती माझ्या बाजूला मातीत खुपसली. मंग मला दिसलं की तेलाच्या पाइपाच्या नटाजवळ एक थेंब जमतोय. थेंब पडला, दुसरा जमला. सगळे पाने पूजेला, पण एक माझ्या बंडीच्या खिशात राहून गेल्ता. तो जर बायकोला दिला असता तर मी थेंब बघितला असता आणि बाहेर आलो असतो. खिशात होता म्हणून नटाला लावला.

आवळायला गेलो. आटे झिजलेले होते. नट एकदम फिरला, आणि तेलाची बारीक तार माझ्या कानाजवळून सूं करून गेली. डोक्यावर हौदा कुरकुरला. मी पाय ओढेपर्यंत तो खाली आला.

एकदम धाडकन आला न्हाई. तेल बारक्या वाटेनं निघतं, म्हणून मोठं वजन पण सावकाश उतरतं. पण माणूस आखावर बसलेला, पाय वर टाकलेला, साठी कधीच उलटलेली. माझ्यापेक्षा हौदा चपळ निघाला. खालची आडवी पट्टी माझ्या डाव्या नडगीवर आली, खाली चासीची पट्टी, मधी माझी नडगी. मी डोळे मिटले. हाड मोडल्याचा आवाज येईल म्हणून वाट बघितली. आला न्हाई. डोळे उघडले तर हौदा थांबला होता. मी रोवलेल्या पहारीच्या डोक्यावर टेकला होता.

लोक ह्याला नशीब म्हणतात. मी म्हणत न्हाई. मी पहार उभी ठेवतो, ती माझी रीत आहे.

हौद्याचा भार पहारीवर गेला, तशी तेलाची तार बंद पडली, नुसते थेंब गळायला लागले. पाय चिमट्यात धरल्यासारखा. मोडला न्हाई, पण निघत पण न्हाई. मान वाकवून बसावं लागत होतं, कारण वर हौद्याचा पत्रा डोक्याला लागून राह्यला होता. पाठीमागं चाक, पुढं दट्ट्याचा नळा, डाव्या अंगाला पट्टी. उजवा हात तेवढा मोकळा. बाहेरचं काय दिसत होतं तर चाकाच्या आणि मातीच्या मधली वीतभर फट. त्या फटीतून ऊन, तुळशीचा कट्टा, आणि एक कोंबडी. ती वाकून माझ्याकडं बघत होती, जसं काय मी तिच्या खुराड्यात शिरलोय.

मंग माझं लक्ष पहारीच्या बुडाकडं गेलं.

पाइपाचं पाणी चालूच होतं. वाळलेली काळी माती दगडासारखी, पण पाणी प्यालेली काळी माती म्हणजे लोणी. पहारीचं टोक बोटाएवढं. हौद्याचा सगळा भार त्या बोटाएवढ्या टोकावर, आणि टोकाखाली चिखल. तोच भार एखाद्या रुंद फळीवर असता तर चिखलानं पेलला असता. बारीक टोकाला तो पेलत न्हाई, वाट देतो. पहारीवर मघाशी मातीचा एक वाळलेला पट्टा होता, तो माझ्या डोळ्यादेखत खाली चालला होता. सावकाश. घड्याळाचा काटा चाललेला दिसत न्हाई पण चाललेला असतो, तसा. आणि तो जेवढा खाली जाईल तेवढा हौदा माझ्या नडगीवर येईल.

ओरडायला पाहिजे होतं. मी ओरडलो न्हाई. पलीकडं नाल्याच्या अंगाला दुसऱ्यांची वस्ती आहे. त्यांच्या ट्रॉलीचा टेकू मोडला तेव्हा मीच त्यांना चार माणसांत अक्कल शिकवली होती. मी खाकरलो. घरात बायका असल्या म्हणजे म्हातारा माणूस दारातून खाकरतो ना, तसा. एकदा, दोनदा, जोरात.

"ठेवलाय चहा, ठेवलाय!" आतून आवाज आला.

पुन्हा खाकरलो.

"उकळू तर द्या! दम धरवत न्हाई का?"

पट्टा अजून खाली गेला. नडगीत कळ अशी उठली की कान गच्च झाले. मंग मी हाक मारली. हाक म्हणजे हाकच, बोंब न्हाई. "आगं, जरा इकडं ये."

तिची पावलं आली. मला फटीतून पावलंच दिसत होती, जोडवी आणि लुगड्याचा काठ. पावलं ट्रॉलीला वळसा घालून थांबली.

"हौदा खाली कसा आला?"

"आला."

"आन तुम्ही?"

"मी खालीच हाय."

पावलं एकदम जवळ आली, ती गुडघ्यावर बसली, आणि फटीत तिचं तोंड आलं, आडवं. तिनं माझा पाय बघितला. तोंडावर हात ठेवला. मला वाटलं आता रडते. ती म्हणाली, "म्या काय म्हणले होते?"

"आधी मोटर बंद कर."

"म्या काय म्हणले होते, ते सांगा आधी!"

"आगं पहार खाली चाललीय! मोटर बंद कर!"

ती पळाली. पाइपाचं पाणी उचक्या देत थांबलं. पण माती पिऊन बसली होती ती बसलीच होती. पट्टा थांबला न्हाई, नुसता हळू झाला.

ती परत आली. "ट्रॅक्टर चालू करू का? पोरगं कसं करतं ते बघते म्या रोज. ती दांडी वर केली की..."

"हात लावू नको! पाइप सुटलाय. तेल वर जायचं न्हाई, सगळं बाहेर उडल."

"मंग पोरग्याला फोन करते."

"तो अंबडला. तो तिथून काय करणार? उगंच घाबरंल."

तिनं माझं ऐकलं न्हाई. पावलं घरात गेली, परत आली, फोनची घंटा वाजत राह्यली आणि थांबली. बाजाराच्या गलक्यात कोण उचलतं फोन. मंग ती बांधावर जाऊन ओरडायला लागली, नाल्याच्या अंगाला तोंड करून. "कुणी हाय का ओ! पळा ओ!" मी खालून, "चूप बस, लोक हसतील," आणि ती, "हसू द्या, हसायला तरी येऊ द्या!" कुणी आलं न्हाई. मधी आमचाच ऊस, डोक्याच्या वर दीड पुरुष. आपल्याच उसाच्या पलीकडं आपला आवाज जात न्हाई, हे मला त्या दिवशी कळलं.

पावलं पुन्हा चाकापाशी आली. धापा टाकत होती. पायाचा अंगठा कळेनासा झाला होता. पाय ज्याचा जातो त्याचं काय होतं ते मी बघितलेलं आहे. माझ्याबरोबर मेंढरं चारायचा असा एक जण बाजेवर बसून राह्यला, बाजेवरच गेला. मी आयुष्यभर पायावर जगलो. गंगेपासून अजिंठ्याच्या डोंगरापर्यंत ह्या पायानं मुलूख तुडवलाय. हात गेला असता तर मी एवढा भ्यालो नसतो.

"बाटली जॅक हाय की," ती एकदम म्हणाली.

मला तो कधीच आठवला होता. सांगितला न्हव्हता.

"तो पूजेला बसलाय," मी म्हणलं.

पावलं हलली न्हाईत. कोंबडी तिच्या पावलांजवळ दाणे टिपत होती.

"तुमच्या बापानं मेंढी हातानं सोडवली," ती म्हणाली. हळू आवाजात, म्हणजे ती चिडली होती. "हजारदा ऐकली ती गोष्ट. म्या हातानं ट्रॉली उचलू का?"

"कायदा तो कायदा."

"बरं."

पावलं गेली. मी तिथं वाकून बसलो, पहारीकडं बघत. खरं सांगतो, तेवढ्या वेळात मला एकच वाटत होतं, की हिनं माझं ऐकू नये. आणि जर ऐकलं, तर मी दुसऱ्यांदा सांगणार न्हव्हतो. असा माणूस आहे मी, त्याला इलाज न्हाई.

पावलं आली तेव्हा जड पडत होती. जॅक तिनं पोटाशी धरला असणार, लेकरासारखा. झेंडूचं फूल फटीपुढं पडलं. कोंबडीनं टोचून बघितलं.

"देवीला सांगून आले," ती म्हणाली.

"काय सांगितलं?"

"ते माझं मी बघन. कुठं लावू ते बोला."

इथून पुढं सगळं आंधळ्याचं काम. मला तिची पावलं दिसत होती, हात दिसत न्हव्हते. तिला माझा आवाज येत होता, माझं बोट दिसत न्हव्हतं. मी म्हणलं, "पुढं जा, ट्रॅक्टरच्या बाजूला. हौदा मागं जोडलेला हाय, पुढून उघडतो, जबड्यासारखा. पुढं फट मोठी हाय. चासी आणि हौद्याच्या मधी जॅक उभा कर."

"केला. वर पोचत न्हाई. चार बोटं कमी पडतंय."

"त्याच्या डोक्यात स्क्रू असतो, तो पिळून वर काढ."

"काढला. तरी दोन बोटं कमी."

"दांडा मार, वर येईल."

दांडा खाली-वर व्हायचा आवाज यायला लागला. खट, खट, खट. मी पहारीकडं बघत होतो. खट, खट. हौदा हलेना.

"डोकं वर येतच न्हाई," ती म्हणाली. "नुसताच हलतोय दांडा. मेला बिघडलाय."

"बिघडला न्हाई. बुडाशी एक बारका स्क्रू हाय, तो सैल असंल. तेल जेवढं वर जातं तेवढं त्या वाटेनं माघारी येतंय. दांड्याच्या टोकाला खाच हाय, ती त्याच्यात घाल आणि पिळ."

"कोणीकडं पिळू?"

उजवीकडं म्हणलं तर तिची उजवी की जॅकची उजवी? उलटा पिळला तर स्क्रू बाहेर येऊन सगळं तेल सांडलं असतं. घड्याळाच्या काट्याचं तिला काही घेणं-देणं न्हाई. मी विचार केला.

"आरती ओवाळतीस न्हवं? त्याच्या तोंडापुढं बस, आणि आरती फिरवतीस तिकडं पिळ."

"हां," ती म्हणाली. लगेच. "बसला गच्च."

पुन्हा खट, खट. आता आवाज बदलला होता, दमदार. "आलं, आलं डोकं वर," ती म्हणाली. "टेकलं हौद्याला." मंग एकदम लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज, आणि जॅक धाडकन आडवा पडला. हौदा तेवढ्या हिसक्यानं पहारीवर बसला. पहार गपकन बोटभर खाली गेली.

त्यावेळी मी ओरडलो. नाल्यापलीकडं गेला असंल आवाज. हसले असतील तर हसोत.

"काय झालं? काय झालं ओ?"

"सरकला जॅक! चासीची पट्टी अरुंद, आणि हौदा तिरपा. बूड पक्कं पाहिजे. रुंद फळी बघ कायतरी, दोन्ही पट्ट्यांवर आडवी बसंल अशी. आणि डोक्यावर गोणपाटाची घडी घाल, म्हणजे घसरणार न्हाई. जल्दी!"

वस्तीवर फळ्या किती पडलेल्या असतात. पण गोठ्याकडं जायला तिला वेळ न्हव्हता. ती घरात गेली, भांडी पडल्याचा आवाज आला, विळे-खुरपी जमिनीवर खणखणले. ती पूजेचा पाटच घेऊन आली. सागवानी पाट, आमच्या लग्नात ज्याच्यावर बसलो तो. हत्यारं खाली ओतून आणला होता. आता उरलं काय होतं, सगळीच पूजा उठली होती.

पाट पट्ट्यांवर बसला. पाटावर जॅक, जॅकवर गोणपाट. खट. खट.

"पाट बोलतोय," ती म्हणाली. "करकर करतोय."

"बोलू दे. तू दांडा मार."

"हे हलकं लागतंय ओ. एवढं हलकं कसं? कायच उचलत नसंल."

"ते पिचकारीसारखं हाय. तू बारकी दाबतीस, मोठी आपोआप उठती. हलकं लागतंय म्हणूनच उचलतंय. थांबू नको."

"हौदा तर हलत दिसत न्हाई."

"दिसायचा न्हाई. केसाएवढा हलतो एका दांड्याला. पुढं दोन बोटं उचलला तर माझ्यापाशी एक बोट उचलणार, मी मधी हाय म्हणून. तू मोजू नको, बघू नको, नुसता दांडा मार."

तिच्या पावलांकडं मी बघत राह्यलो. एक पाऊल पुढं, एक मागं, टाच उचलते, टेकते. जात्यावर दळायची जशी डुलायची तशी डुलत होती. मी असतो तर घाई केली असती, मोठे मोठे दांडे मारले असते, मधीच शिवी हासडून थांबलो असतो. ती थांबली न्हाई आणि तिनं घाई पण केली न्हाई. अंगात जोर म्हणाल तर भरलेली कळशी आजकाल सून उचलू देत न्हाई तिला. आणि वर माझ्या डोक्यावर सगळा लोखंडी हौदा होता, जो चार गडी लागले तरी हलत न्हाई.

खट. खट. पहारीच्या डोक्यावर उन्हाची एक बारीक रेघ दिसली. दोऱ्याएवढी. मला आधी वाटलं डोळ्यापुढं चकाकलं. मंग ती रेघ सुतळीएवढी झाली. हौदा पहारीवरून उठला होता.

"उठला," मी म्हणलं.

"काय?"

"उठला म्हणलं! मार अजून!"

"ओरडू नका. मारतेच हाय."

नडगीवरचा चिमटा सैल व्हायला लागला तेव्हा सुख झालं न्हाई, कळ झाली. दबलेली होती तोवर नडगी बधिर होती. मी दात खाऊन बसलो. पत्रा डोक्यापासून सुटला, मान पहिल्यांदा सरळ झाली. मी उजव्या हातानं डावा पाय गुडघ्याखाली धरला आणि ओढला. वहाण अडकली. तिचा पट्टा तोडून टाकला, पुन्हा ओढला, आणि पाय माझ्या मांडीवर येऊन पडला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

"निघाला!"

दांडा थांबला. "आता बाहेर या."

"पाट धरतोय का?"

"पाटाला चीर गेलीय. या लवकर."

मी आखावरून चिखलात उतरलो, म्हणजे पडलोच. कोपरांवर सरकत चाकाच्या पुढून बाहेर आलो. तिनं बंडीला धरून ओढलं, मला बसवलं ते ट्रॉलीपासून लांब, कट्ट्याला टेकवून. मी ओढू दिलं. मागं पाट कडाडून मोडला, जॅक उडाला, आणि हौदा खाली बसला, पहारीला दाबत. पहार मातीत हातभर शिरली. आम्ही दोघंही तिकडं बघत राह्यलो. मंग ती माझ्याकडं वळली.

तिच्या लुगड्याला तेल, हाताला कुंकू आणि ग्रीस, केस सुटलेले. ती माझ्या पायापाशी बसली. नडगीवर काळानिळा पट्टा उठला होता, वर आणि खाली दोन्ही बाजूनं, जसा कुणी शिक्का मारलाय. पाय गार आणि पांढराफटक. मी त्याच्याकडं बघितलं न्हाई. उसाकडं बघत बसलो.

"हाड?" ती म्हणाली.

"शाबूत हाय."

"तुम्हाला काय म्हाईत?"

"माझा पाय हाय, मला म्हाईत."

"अंगठा हलवा."

मी हलवला. म्हणजे हलवायला सांगितलं पायाला. हलला का न्हाई ते बघितलं न्हाई.

ती म्हणाली, "अंगठा दाबला तर कळतंय का?"

"कळतंय की."

"बराबर कळतंय?"

"बिलकुल. पहिल्यासारखं."

"अजून हातच लावला न्हाई म्या," ती म्हणाली.

मी उसाकडंच बघत राह्यलो. वारा सुटला होता, पाती सळसळत होती. तिनं माझा पाय उचलून मांडीवर घेतला आणि दोन्ही हातांनी वरून खाली चोळायला लागली, गुडघ्यापासून घोट्यापर्यंत, रगडून, जसं गारठलेल्या कोकराला चोळतात. कुणी बघत असतं तर मी पाय ओढून घेतला असता. ती चोळायची, थांबायची, अंगठ्याला नख लावायची, माझ्या तोंडाकडं बघायची. मी तोंड मुद्दाम सरळ ठेवलं. मला काही कळत न्हव्हतं. कातड्याखाली दुसऱ्याचाच पाय. पुन्हा चोळणं, पुन्हा नख.

"सांगा ना ओ," ती म्हणाली. "खरं सांगा. कळतंय का?"

"न्हाई," मी म्हणलं.

तिनं मान खाली घातली आणि असं नख रोवलं की माझ्या तोंडून आईची शिवी निघाली. निघाली ती निघालीच, एवढी मोठी की कोंबडी उडाली. आग अंगठ्यातून निघून थेट मांडीत गेली. मी पाय झटकला आणि तो तिच्या मांडीवरून खाली आपटला.

"मेलो! सोड ना, काय करून राह्यलीस!"

ती मागं हातावर टेकून बसली, चिखलात, आणि हसायला लागली. पदर तोंडात कोंबला तरी हसू थांबेना, आणि हसता हसताच तिच्या डोळ्यातून पाणी वाहून राह्यलं. मी शिव्या देत राह्यलो आणि पाय ठणकत राह्यला, अंगठ्यापासून मांडीपर्यंत, सगळा माझाच.